शाळेचे दार लावून शिस्त लागेल काय?

सन २०२४ च्या डिसेंबर महिन्यात केंद्र सरकारने सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या कायद्याखालील नियमांत जी दुरुस्ती केली, तिची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ती अर्धीच झाली. पाचवीच्या किंवा आठवीच्या परीक्षेत मूल उतरले नाही तर त्यास दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यावी, आणि तीही वाया गेल्यास त्याच वर्गात ठेवावे, एवढा भाग लोकांनी उचलून धरला. ‘आता मुले अभ्यासास लागतील’ असे कोणी म्हणाले, ‘आता गरिबांची मुले गळतील’ असे दुसरे म्हणाले. परंतु त्याच नियमांत पुढे एक वाक्य आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढून टाकता येणार नाही, असे ते वाक्य होय. हे बंधन नवे नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या मूळ कायद्याच्या सोळाव्या कलमातच ते आहे, आणि २०१९ साली नापास न करण्याचे धोरण सैल करताना संसदेने त्यास हात लावला नाही. मूल नापास करता येईल, पण घालवून देता येणार नाही, असा हा निवाडा आहे. त्याचा खरा अर्थ काय, आणि आपल्या गोंदिया जिल्ह्यात तो कितपत पाळला जातो, याचा विचार करण्याचे आज आम्ही योजिले आहे.

कायदा स्पष्ट असला तरी माणसाची बुद्धी त्यातून वाट काढते. समोरच्या दाराने मुलास घालविता येत नाही म्हणून मागल्या दाराने घालविण्याचे अनेक प्रकार प्रचारात आहेत. ‘उद्या बापाला घेऊन ये, तोवर वर्गात बसू नकोस,’ हा पहिला प्रकार. बाप नागपुरास बांधकामावर किंवा परप्रांती वीटभट्टीवर गेलेला असला, तर त्या ‘उद्या’चे चार आठवडे होतात, आणि मूल शाळेत जाण्याचे सोडते. ‘याला दुसऱ्या शाळेत घाला, येथे त्याचे जमावयाचे नाही,’ असे पालकास गोडीने सांगून शाळा सोडल्याचा दाखला हातात देणे, हा दुसरा. त्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ म्हणून एक रकाना असतो. त्यात एखादा वाकडा शब्द पडला की पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापकाच्या कपाळास आठी पडते. तिसरा प्रकार सर्वांत निरुपद्रवी दिसणारा, पण सर्वांत घातक. तो म्हणजे दीर्घ गैरहजेरीमुळे हजेरीपटावरील नाव कमी करणे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत, मोहफुले वेचण्याच्या व तेंदूपत्ता तोडण्याच्या हंगामात सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील किती मुले आईबापांबरोबर बांधीत व रानात असतात, हे येथील शिक्षकांस सांगावयास नको. ज्या मुलाचा हात घरास लागतो, त्याची गैरहजेरी हा गुन्हा समजून त्याचे नाव पुसणे म्हणजे दारिद्र्यालाच दंड करणे होय. चौथा प्रकार आश्रमशाळांचा व वसतिगृहांचा. तेथे ‘वसतिगृहातून काढले, शाळेतून नाही’ असे म्हणणे ही निव्वळ शब्दांची कसरत आहे. कारण ज्याचे घर रानाच्या पलीकडे आहे, त्यास निजावयास जागा नाही म्हणजे शिकावयासही जागा नाही.

आणि आठवीपुढे तर कायद्याचे हे छत्रही उरत नाही. हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीचा विद्यार्थी त्याच्या बाहेर पडतो, आणि नेमक्या त्याच वयात मिसरूड फुटू लागते, आवाज बदलतो, उलट उत्तर देण्याची उबळ येते. ज्या वयात मुलगा अधिक सांभाळावयाचा, त्याच वयात त्यास सांभाळणारा कायदा संपतो. पुत्र सोळाव्या वर्षात आला की त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, असे आपले जुने नीतिशास्त्र सांगते. आपल्या माध्यमिक शाळांस ते शास्त्र ठाऊक आहे काय?

आता या शिक्षेचा हेतू तरी काय असतो, ते पाहू. मुलास शाळेतून काही दिवस किंवा कायमचे दूर करण्याने तीन गोष्टी साधतात असे सांगण्यात येते. अपराधी सुधारतो, ही पहिली. इतर मुलांचे रक्षण होते, ही दुसरी. आणि बाकीच्यांस दहशत बसते, ही तिसरी. पैकी पहिली तर उघडच असंभवनीय आहे. ज्यास अभ्यासाचा कंटाळा, त्यास घरी बसविणे ही शिक्षा की बक्षीस? जो वर्गात मागे पडल्यामुळे खोड्या करतो, त्यास पंधरा दिवस वर्गाबाहेर ठेविले तर तो आणखी मागे पडून अधिक खोड्या करील, की कमी? गणिताचा एक अध्याय चुकला की पुढचे चार अध्याय कळत नाहीत, आणि न कळणाऱ्या तासात गप्प बसून राहणे मोठ्या माणसासही साधत नाही. दुसरी गोष्ट काही प्रसंगी खरी असते. तिचा विचार पुढे करू. तिसरी म्हणजे दहशत. ती बसते, परंतु कोणास? ज्याचा बाप गावात वजनदार त्यास नव्हे. ज्याच्या मागे बोलणारा कोणी नाही, त्याच्याच मनात ती बसते, आणि तो शाळेस न सांगता शाळा सोडतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात या शिक्षेचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. सन १९०५ साली पुण्यास विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजच्या चालकांनी विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्यास दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढून लावले. ‘केसरी’ने त्या चालकांवर कडक टीका केली. त्याच वर्षी बंगालमध्ये कार्लाइल साहेबाचे परिपत्रक निघाले, आणि चळवळीत पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शाळांस अनुदान बंद करण्याची धमकी देण्यात आली. परिणाम काय झाला? एकही मन बदलले नाही. उलट लोकांनी राष्ट्रीय शिक्षणाच्या स्वतंत्र संस्था उभारल्या. मतांविषयी कोणाचे काही म्हणणे असो, काढून टाकल्याने मन वळत नाही, एवढे तरी या अनुभवावरून सिद्ध होते. शिवाय एक भेद ध्यानात ठेवावा. त्या काळी ज्यांस काढले त्यांच्या बाजूने वृत्तपत्रे उभी राहिली, वकील उभे राहिले. आज एखाद्या आडगावच्या शाळेतून मजुराचे पोर बाहेर पडते, तेव्हा कोणीही उभे राहत नाही.

परदेशाचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत सन १९९४ मध्ये शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्यास किमान एक वर्ष काढून टाकण्याचा कायदा झाला. हेतू समजण्यासारखा होता. परंतु पुढे त्या कडकपणाची लागण क्षुल्लक अपराधांसही झाली, आणि उद्धटपणे बोलणे, उशिरा येणे, सांगितलेले न ऐकणे यांसाठीही मुले घरी धाडली जाऊ लागली. तेथील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने या धोरणाची चौकशी करण्यासाठी मंडळ नेमले. त्याचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. या कडक धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि ही शिक्षा कोणाच्या वाट्यास आली? सन २०११-१२ च्या तेथील सरकारी मोजणीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी शेकडा १६, तर गोऱ्यांपैकी शेकडा ५ वर्षभरात शाळेबाहेर ठेविले गेले होते. नियम सर्वांस एकच. पण शिक्षा तिप्पट! मग लॉस एंजलिस शहराच्या शाळामंडळाने २०१३ साली, केवळ ‘हेतुपुरस्सर अवज्ञा’ या कारणासाठी विद्यार्थ्यास घरी बसविणे बंद केले.

तेथेच दुसऱ्या उपायाचीही कसोटी झाली. पिट्सबर्ग शहरातील काही शाळांत शिक्षकांस असे शिकविण्यात आले की, भांडण झाल्यावर ‘कोणता नियम मोडला’ एवढेच न विचारता ‘कोणाचे काय नुकसान झाले, व ते कसे भरून काढावे’ हे दोन्ही पक्षांस समोरासमोर बसवून ठरवावे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसले की, मुलांचे शाळेबाहेर जाणारे दिवस कमी झाले व शिक्षकांस शाळेतील वातावरण सुधारल्याचे जाणवले. परंतु सहावी ते आठवीच्या मुलांचे परीक्षेतील गुण मात्र काहीसे घसरले. ही दुसरी बाजू आम्ही मुद्दाम सांगत आहो. समेटाची बैठक हा काही जादूचा मंत्र नव्हे. तीस वेळ लागतो, शिकलेला माणूस लागतो, आणि ती चालू असताना उरलेला वर्ग वाऱ्यावर सोडून भागत नाही. उपाय चांगला असला तरी तो अर्धवट राबविला तर अपायही करतो.

परंतु आपणांस सर्वच परदेशाकडून शिकण्याचे कारण नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असताना साने गुरुजींनी तेथील वसतिगृह सांभाळले. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या म्हणजे ते स्वतः झाडू घेत आणि मुकाट्याने खोली आवरून ठेवीत. दुसऱ्या दिवशी मुलास लाज वाटे. ती लाज कोणाच्या छडीने उत्पन्न झाली नसती. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात ‘कुरणशाळा’ नावाचा प्रयोग होता. मूल गुरे राखावयास जाते म्हणून शाळेत येत नाही, तर शाळाच कुरणात न्यावी, असे त्यांनी ठरविले. गैरहजर मुलाचे नाव पुसण्याची आपली रीत आणि त्या दोघींची ही रीत एकमेकींशेजारी ठेवून पाहावी. जोतीराव फुल्यांचे शिक्षणही लहानपणी बंद पडलेच होते. गफ्फार बेग मुनशी व लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घालून मुलास पुन्हा शाळेत पाठविले नसते, तर महाराष्ट्र कशास मुकला असता याचा हिशेब कोणी करावा? शाळेतून सुटलेले मूल परत आणणारी माणसे गावात असावी लागतात.

छडीचा प्रश्न आता उरलेला नाही. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २००० सालीच तेथील शाळांतील छडीची तरतूद रद्द ठरविली, आणि २००९ च्या कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस देशभर बंदी केली. ते योग्यच झाले. परंतु शिक्षक विचारतात, ‘छडी गेली, काढून टाकण्याचीही मनाई, मग आमच्या हाती उरले काय?’ हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. सुधारकांनी शिक्षकाच्या हातातील हत्यार काढून घेतले, पण त्या जागी दुसरे साधन दिले नाही, ही गोष्ट खरी आहे. म्हणून काय करावे हे सांगण्याची जबाबदारी आमच्यावरही येते. आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली सूचना अशी की, कोणत्याही मुलास एक दिवसही वर्गाबाहेर ठेवण्यापूर्वी त्याच्यावरील आरोप त्यास स्पष्ट सांगावा व त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ओहायो प्रांतातील विद्यार्थ्यांच्या खटल्यात एवढाच हक्क मान्य केला. त्यास खर्च काही नाही, पाच मिनिटे लागतात. टरफले उचलण्यास नकार देणाऱ्या बाळ टिळकांची आख्यायिका आपण मुलांस कौतुकाने सांगतो. पण ज्याने शेंगा खाल्ल्या नाहीत त्याचे म्हणणे ऐकण्याची तयारी आपल्या वर्गांत किती असते? जेथे घरी गोंडी, पोवारी किंवा छत्तीसगढी बोलली जाते, तेथे तर ऐकणे आणखीच अगत्याचे. प्रश्न न कळल्यामुळे गप्प राहिलेले मूल शिक्षकास मग्रूर वाटते, आणि भाषेचा अडसर वर्तनाचा दोष म्हणून नोंदला जातो.

दुसरी सूचना अशी की, शिक्षा अपराधाच्या पोटातून निघावी. ज्याने बाक मोडला त्याने सुताराच्या हाताखाली बसून तो दुरुस्त करण्यास मदत करावी. ज्याने भिंत खराब केली त्याने ती पुसावी. ज्याने लहान मुलास मारले त्याने त्या मुलाची व त्याच्या आईबापांची क्षमा मागून पुढे कसे वागणार ते सर्वांसमक्ष सांगावे. मात्र यात अपमान नसावा, आणि जात पाहून झाडू कोणाच्या हाती द्यावयाचा हे ठरू नये.

तिसरी सूचना समेटाच्या बैठकीची. ही कल्पना आपल्या खेड्यांस परकी नाही. महाराष्ट्रात २००७ साली महात्मा गांधींच्या नावाने तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि बांधाचे व घराचे तंटे गावातच मिटविण्यासाठी समित्या बसल्या. जे गाव मोठ्यांचे तंटे मिटवू पाहते, त्यास दोन पोरांचे भांडण मिटविता येऊ नये काय? सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती कायद्यानेच आहे. तिच्यात शेकडा ७५ पालक व निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. ही समिती केवळ सह्या करण्यासाठी नसून, एखादे मूल शाळेपासून तुटू लागले तर त्याच्या घरी जाण्यासाठी आहे, हे तिला कोणीतरी सांगावे लागेल.

चौथी सूचना अशी की, वर्गाबाहेर ठेवणे अगदीच अपरिहार्य झाले, तर ते शाळेच्या आवारातच, कोणा शिक्षकाच्या नजरेखाली, त्या दिवसांचा अभ्यास देऊन असावे. आणि त्याची मुदत, कारण व परत घेण्याचा दिवस हे तिन्ही लेखी असावेत. ज्या शिक्षेस शेवटचा दिवस नाही ती शिक्षा नव्हे, हकालपट्टी होय. तसेच हंगामी गैरहजेरीमुळे कोणाचेही नाव परस्पर कमी करू नये. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

आता वर राखून ठेविलेला मुद्दा. काही अपराध असे असतात की त्यांत दयेची भाषा बोलणे हा दुसऱ्या मुलावर अन्याय होतो. कोणी शस्त्र आणले, कोणी मुलीशी दुर्वर्तन केले, कोणी दुर्बळ मुलास नित्य छळले, तर प्रथम रक्षण पीडिताचे झाले पाहिजे, आणि त्याच्यावर समेट लादता कामा नये. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती दडपणे हा २०१२ च्या कायद्यान्वये गुन्हाच आहे. तेथे पोलिसांस कळविणे हेच कर्तव्य. अशा प्रसंगी दोघांस दूर करावयाचे तर अपराध्यास दूर करावे. पीडित मुलीनेच ‘लोक काय म्हणतील’ म्हणून शाळा सोडावी, हा उलटा न्याय आपल्याकडे फार चालतो. परंतु दूर केलेल्या अपराध्याचेही शिक्षण कोठे चालू राहील, हे ठरविल्याशिवाय त्यास रस्त्यावर सोडू नये. शाळेने सोडलेले पोर कोणीतरी उचलतेच. गुत्तेवाला उचलतो, सट्टेवाला उचलतो. आणि मग तोच गाव त्याच्या नावाने बोटे मोडतो.

शिक्षकांवर हा बोजा पडतो, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. कायद्याने पहिली ते पाचवीस तीस मुलांमागे एक, व सहावी ते आठवीस पस्तीस मुलांमागे एक शिक्षक ठरविला आहे. जेथे पदे रिकामी आहेत व एकच गुरुजी दोन वर्ग सांभाळतो, तेथे त्याच्याकडून समेटाच्या बैठकीची अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा होईल. सबब पदे भरणे, तालुक्यास निदान एक समुपदेशक देणे व शिक्षकांस या कामाचे शिक्षण देणे, ही मागणी जिल्हा परिषदेकडे व सरकारकडे आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे.

शेवटी व्यापारी वाचकांस दोन शब्द. गोंदियाचे नाव भाताच्या गिरण्यांमुळे झाले आहे. धान भरडताना काही दाणा तुटतोच. पण कोणता गिरणीवाला ती कनकी उकिरड्यावर टाकतो? कनकीस गिऱ्हाईक आहे, कोंड्यास गिऱ्हाईक आहे. जो माल तुटला त्याचाही मोल करणारा तोच शहाणा व्यापारी. ज्या शहाणपणाने आपण पोत्यातील कनकी सांभाळतो, तेवढे शहाणपण वर्गातील पोरांच्या बाबतीत दाखविण्यास आपणांस कोण अडवितो? आपल्यापैकी कित्येक जण शाळांच्या चालक मंडळांवर आहेत, कित्येक व्यवस्थापन समित्यांवर आहेत. पुढच्या बैठकीत त्यांनी मुख्याध्यापकांस एवढेच विचारावे की, गेल्या वर्षी किती मुलांच्या हाती दाखला दिला, कोणत्या कारणाने दिला, आणि ती मुले आज कोठे आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दप्तरात सापडतील. तिसऱ्याचे उत्तर सापडले नाही, तर ते शोधावयास कोणास पाठवावयाचे, याचा निर्णय त्याच बैठकीत व्हावा.